माळढोक : दिसला नाही

आमच्या घरात शाळेची घंटा वाजत नाही. फजरच्या अजानने दिवस सुरू होतो आणि इशानंतर दप्तरं नव्हे, तर चटई गुंडाळून ठेवली जाते. चार वर्षं झाली, आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात.

कारण साधं होतं. धाकट्याची जीभ अडखळते. वर्गात वाचायला उभं राहिलं की शब्द घशात अडकायचा, मुलं हसायची, आणि रविवारी संध्याकाळपासून त्याच्या पोटात दुखायला लागायचं. आम्ही त्याला घरी ठेवलं. काही महिन्यांनी थोरलीनेही हट्ट धरला, मी पण घरीच शिकणार. तेव्हा ती दहा वर्षांची होती, आता तेरावं सरत आलंय. मुलांचे अब्बा यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. टॉवेलच्या डझनांवर गणित झालं, मराठी वर्तमानपत्रावर वाचन झालं, उर्दू दादींकडे. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा देता येते, त्याला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, एवढं आम्ही विचारून ठेवलं होतं. नातेवाईक विचारतात, "मुलं घरात बसून काय करतात?" या प्रश्नाचं उत्तर देता देता आम्ही थकलो आहोत. म्हणून एका दिवसाची हकीकत सांगतो.

जानेवारीतला गुरुवार होता. मुलांच्या मामूंनी आपली जुनी ओमनी दुपारपर्यंत द्यायचं कबूल केलं होतं, शिवाय स्वतः चालवायलाही आले. फजर पढून आम्ही डबा बांधला : कडक भाकरी, शेंगाची चटणी, उकडलेली अंडी. दादी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "इत्ते सुभे कां जारे तुम? परिंदे गिन को क्या मिलनेवाला है?" धाकट्याने वही दाखवली. दादींनी मान फिरवली. नातवंडं शाळेत जात नाहीत, याचं दुःख त्यांनी कधी लपवलेलं नाही.

बार्शी रस्त्याने नान्नज फार लांब नाही. आपल्यापैकी पुष्कळ लोक त्या रस्त्याने शंभर वेळा गेले असतील आणि दोन्ही बाजूंचा माळ बघून म्हणाले असतील, इथे काय आहे, नुसतं गवत. आम्हीही तसंच म्हणायचो. पण याच गवतासाठी १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं. त्याआधी सोलापूरचेच पक्षीमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या होत्या. अभयारण्याचं क्षेत्र सुरुवातीला ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावंच्या गावं, बाजारपेठा आणि शेतं आली होती. पुढे ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं.

माळढोक म्हणजे जवळजवळ मीटरभर उंचीचा पक्षी. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार फार थोडे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. शिकार झाली, माळ नांगरले गेले, पाणी आलं तसा ऊस आला, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. आज जगात अंदाजे दीडशे माळढोक उरले आहेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. नान्नजला तो क्वचितच दिसतो. मुलांना हे सगळं माहीत होतं, तरी वहीच्या पहिल्या ओळीवर धाकट्याने आदल्या रात्रीच लिहून ठेवलं होतं, "माळढोक :" आणि पुढची जागा मोकळी.

गाडीतून उतरलो तेव्हा गवतावर दव होतं. पहिला दिसला तो हुदहुद. डोक्यावर तुरा, लांब चोच, जमीन टोचत चाललेला. मुलं त्याला मराठी नावाने ओळखायच्या आधी सूरह नम्लमधून ओळखतात. हजरत सुलैमान (अलैहिस्सलाम) यांच्या फौजेतून गैरहजर राहिलेला हा पक्षी सबा देशाची पक्की खबर घेऊन आला होता. दोघंही पाच मिनिटं हलली नाहीत.

मग काळवीट दिसले. सत्तावीस मोजले. थोरली म्हणाली अठ्ठावीस, परत मोजले, सत्तावीसच निघाले. काळाकुळकुळीत नर एक, बाकी माद्या आणि पिल्लं बदामी रंगाची. गवतावरून खाली खाली तरंगत भोवत्या गेला, हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारा पाहुणा. टिटवीने आरडाओरडा केला म्हणून तिकडे बघितलं, तर ओढ्याच्या कडेने एक लांडगा चालला होता. गोष्टीतला लांडगा मुलांच्या डोक्यात मोठा होता. हा सडपातळ, मातकट, आपल्याच कामाला निघालेला. आमच्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला. धाकटा पुटपुटला, "त्याला पण घ-घ-घरी जायचं असेल."

मनोऱ्यावर भाकरी खाताना ते घडलं. लांब, गवताच्या पलीकडे, काहीतरी उंच आणि तपकिरी हललं. थोरली ओरडली, "माळढोक!" मामूंच्या जवळ दुर्बीण होती, ते म्हणाले, "हो हो, मान दिसतेय, लिहून टाक." खरं सांगायचं तर आम्हालाही तेच दिसलं. वाटलं, घरी जाऊन दादींना सांगू, नातेवाईकांना सांगू, की घरात बसून मुलांनी काय केलं ते बघा. आम्ही धाकट्याला म्हणालो, "लिही बेटा."

त्याने दुर्बीण मागितली. खूप वेळ बघत राहिला. तोवर ते जे काही होतं ते गवतात खाली गेलं आणि परत वर आलं नाही. मग त्याने मान हलवली. शब्द निघायला वेळ लागला, आम्ही थांबलो. "हु-हुदहुदला सुद्धा... हजरत सुलैमान म्हणाले होते ना, आधी बघू... खरं बोललास की खोटं."

मामू हसायचे थांबले. पोरगा म्हणत होता ते बरोबर होतं. हुदहुदने खबर पक्की म्हणून सांगितली, तरी ती तपासल्याशिवाय मानली गेली नाही. गवाही म्हणजे काय, हे आम्ही त्याला घरी शिकवलं होतं आणि दहा मिनिटांपूर्वी विसरलोही होतो. त्याने लिहिलं, "लांब, मोठं, तपकिरी. ओळखलं नाही." आणि पहिल्या ओळीवर, "माळढोक : दिसला नाही."

परतताना आम्ही मुलांना डॉ. सालिम अली यांची गोष्ट सांगितली. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा बोहरा मुस्लिम मुलगा. लहानपणी त्याने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खायला चालते का, असा प्रश्न पडला म्हणून तो मामूंकडे गेला. मामू अमीरुद्दीन तय्यबजींनाही ती ओळखता येईना, तेव्हा त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. मामूंनी मला माहीत आहे असं नुसतं ठोकून दिलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांचंही सांगितलं. त्यांनी वनखात्यात नोकरी करता करता आयुष्यभर पक्ष्यांची मराठी नावं गोळा केली.

थोरली खिडकीतून बघत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "अम्मी, अब्बा, एक खरं सांगू? मला जूनपासून शाळेत जायचंय."

ओमनीत कोणी बोललं नाही. ती पुढे म्हणाली, "मला इथे त्रास नाही. पण मला मैत्रिणी पाहिजेत. प्रयोगशाळा पाहिजे. चार महिने झाले, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

आम्हाला वाईट वाटलंच. चार वर्षं लोकांना उत्तरं देताना आपण बरोबर आहोत असं आम्ही इतक्यांदा म्हणालो होतो, की मुलीच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघायचं राहून गेलं. हवं ते दिसतंय असं मानून आम्ही लिहीत गेलो होतो.

घरी आलो, जुहर पढली, ओमनी परत गेली. संध्याकाळी मगरिबनंतर दादी मेथी निवडत बसल्या होत्या. धाकट्याने न विचारता वही वाचून दाखवली. अडखळत, पण शेवटपर्यंत. दादींच्या समोर तो कधी मोठ्याने वाचत नाही. "माळढोक : दिसला नाही" ऐकल्यावर दादींनी विचारलं, कसा असतो तो? थोरलीने हात वर करून उंची दाखवली.

"अरे, वो तो हूम है!" दादी म्हणाल्या.

त्यांचं माहेर करमाळ्याकडचं. लहानपणी पावसाळ्यात माळावर तो माणसासारखा उभा राहायचा, गळ्याखालची पिशवी फुगवायचा आणि 'हूम' असा खोल आवाज काढायचा. लांबवर ऐकू यायचा, म्हणून नाव हूम. एकदा त्यांच्या अब्बांना नांगरताना अंडं दिसलं. त्यांनी नांगर वळवला आणि तेवढा तुकडा तसाच सोडला. दादी बोलत राहिल्या, मेथी तशीच राहिली. धाकटा प्रश्न विचारत होता, आणि शब्द अडकला की दादी थांबत होत्या. घाई करत नव्हत्या. आम्ही आतापर्यंत त्यांना फक्त उर्दूच्या उस्तानी समजत होतो.

वहीत नवी ओळ आली : "हूम. पाहणाऱ्या : दादी. जागा : करमाळ्याकडे. साल : माहीत नाही, लग्नाआधी. पक्की खबर."

रात्री मुलं झोपल्यावर आम्ही दोघं बराच वेळ बसलो. थोरलीला जूनमध्ये शाळेत घालायचं ठरलं. कोणत्या शाळेत, दाखल्याचं काय, ते बघावं लागेल. धाकटा अजून घरीच शिकेल. तो स्वतःहून म्हणेल तेव्हा त्याचंही बघू, इन्शाअल्लाह. सकाळी दादींना सांगितलं, तेव्हा त्यांना आनंद झालाच. पण त्यांनी लगेच विचारलं, "फिर वो गुरुवार को परिंदे देखने कौन जाएगा?" आणि आपली चप्पल ओमनीत चढायला चालेल का, तेही विचारलं.