पेन्सिल कोणाच्या हाती

महाविद्यालयांतून अलीकडे ‘पिअर ट्यूटर’ या नावाने होऊ लागलेली सहाध्यायी शिक्षकाची नेमणूक ही विलायती नवलाई आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु पंतोजींच्या शाळेत थोरल्या पोराने धाकट्यांकडून पाढे म्हणवून घ्यावेत, हा प्रघात आपल्याकडे जुनाच. मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा अधीक्षक अँड्र्यू बेल याने मलबारी मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली, मुलांकरवीच मुलांना शिकविण्याचा प्रयोग केला आणि 1797 साली त्याचा वृत्तान्त लंडनला छापविला; तेव्हा ही विद्या येथूनच तिकडे गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

कात्रजला गणित शिकविताना सहाध्यायी शिक्षकाच्या कामासाठी आलेल्या उमेदवारांच्या मुलाखती घेणे दरवर्षी माझ्याकडे येते. भोर-शिरवळकडून घाट उतरून येणारी आणि धनकवडीत खोली करून राहणारी ही मुले गुणपत्रिका, दाखले, शिफारसपत्रे असे सारे दप्तर घेऊन समोर बसतात. ते मी बाजूस ठेवतो आणि एक कागद पुढे सरकवतो. त्यावर कुणा विद्यार्थ्याने एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी मांडलेली असते. (अंकांच्या जागी अक्षरे आली की पदवीच्या वर्गातही हीच चूक होते.) हुशार उमेदवार तत्काळ पेन्सिल उचलतो, छेद समान करतो, पाच षष्ठांश लिहितो आणि प्रशंसेच्या अपेक्षेने माझ्याकडे पाहतो. क्वचित एखादा मात्र पेन्सिलीला हात न लावता, मलाच तो विद्यार्थी समजून विचारतो, “अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं रे?” आणि एवढे विचारून गप्प बसतो. ते गप्प बसणे हीच या कामाची खरी पात्रता, असे माझे मत आहे.

नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत कात्रजच्या तलावाचे पाणी शहरातल्या हौदांपर्यंत गेले ते केवळ उताराच्या बळावर, आणि त्या भुयारी नळात हवा कोंडू नये म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधावे लागले. शिकवणाऱ्यानेही प्रश्नांचा उतार राखावा आणि मधूनमधून गप्प बसून असा उच्छ्वास सोडावा.

म्हणून तयारीस लागलेल्यांना मी सांगतो की, जो विषय सहज आला तो घेऊ नका. जिथे स्वतः अडखळला होता तो घ्या, एखाद्या धाकट्या भावंडाला समजावून पाहा आणि पेन्सिल त्याच्याच हाती राहू द्या. स्वपरिचयाचे भाषण पाठ करण्यात वेळ घालवू नये.

शेवटचा प्रश्न ठरलेला असतो : सबमिशनच्या आदल्या रात्री मित्र म्हणाला, “यार, जर्नल तूच लिहून दे,” तर काय कराल? बहुतेक जण प्रामाणिकपणावर व्याख्यान देतात, आणि मी ते सभ्यपणे ऐकून घेतो. गेल्या खेपेस एक मुलगी म्हणाली, “सर, माझं जर्नल मिटून ठेवीन. एकेक प्रयोग त्याच्याकडून वदवून घेईन, लिहील तोच. नाहीच झालं, तर मुदत मागायला त्याच्याबरोबर मॅडमकडे जाईन.” मग जरा थांबून तिने विचारले, “मानधन दरमहा मिळतं, की सत्र संपल्यावर?” दरमहा, असा खुलासा करून मी तिच्या अर्जावर सही केली.