दीड मोटारीचे घर

मागच्या पावसाळ्यात आमची आई बस पकडताना पडली. थांब्यापुढे तीन मोटारी ओळीने लावलेल्या होत्या, त्यामुळे बस कडेला आलीच नाही, भर रस्त्यात थांबली. सत्तरी ओलांडलेली बाई पिशवी सांभाळत दोन मोटारींच्या फटीतून धावली आणि खड्ड्यात पाय मुरगळून खाली आली. हाड मोडले नाही एवढेच, पण महिनाभर घरात बसून राहिली. त्या मोटारींच्या मालकांना याचा पत्ताही नसेल. वास्तविक बसथांब्याजवळ गाडी उभी करू नये, हे १९८९ च्या रस्ता नियमांतही लिहिलेले होते.

तेव्हापासून आम्ही उभ्या गाड्या मोजायला लागलो. कारकुनाला दुसरे काय येते? मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब जागा धरली होती. म्हणजे १४८ चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनात आम्हाला मिळालेले घर २२५ चौरस फुटांचे. दीड मोटारीच्या जागेत आमचा पाच माणसांचा संसार! त्यासाठी रेशनकार्ड, मतदार यादीतले नाव, वीजबिल असे किती पुरावे द्यावे लागले, किती खेटे घातले, ते ज्याने घातले त्यालाच ठाऊक. रस्त्यावरच्या १४८ फुटांसाठी मोटारवाल्याला कुणी पुरावा विचारत नाही.

जपानमध्ये विचारतात. तिथे १९६२ च्या कायद्याने मोटारमालकाला गाडी ठेवायची जागा दाखवावी लागते. मे २०२५ मध्ये आपले परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनीही जागेच्या दाखल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी होणार नाही, असे जाहीर केले. आम्हाला आनंद झाला. रविवारच्या बैठकीत आम्ही तो बोलूनही दाखवला. तर पार्सल पोचवण्याचे काम करणारा एक मुलगा उठून म्हणाला, "काका, टॉवरवाल्याला खाली जागा आहे, तो चार गाड्या घेईल. उद्या हाच नियम मोटारसायकलला लावला तर मी कामावर कसा जाऊ?" आम्ही गप्प बसलो. त्याचे म्हणणे खरे होते.

नियम एकटा आला की तो गरिबावर पडतो. सोबत बस आली पाहिजे. मुंबईत हे एकदा घडले होते. ७ जुलै २०१९ पासून महापालिकेने २६ सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा उभ्या गाड्यांना हजारो रुपयांचा दंड सुरू केला. मोटारीला तर १०,००० रुपये. आणि दोनच दिवसांनी, ९ जुलैला, बेस्टचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपये झाले. एका हाताने मोटारीची जागा महाग आणि दुसऱ्या हाताने बस स्वस्त. ठरवून केले की योगायोगाने झाले, ते असो. त्या दिवसांत आमच्या कचेरीतले दोघे-तिघे मोटारसायकल घरी ठेवून बसने येऊ लागले होते.

पुढे काय झाले? ९ मे २०२५ पासून किमान भाडे १० रुपये झाले. महिन्याच्या २६ दिवसांचे जाणे-येणे २६० वरून ५२० रुपयांवर गेले. एका घरात तिघे बसने जात असतील तर हा आकडा तिप्पट. भाडे वाढवताना तोटा दाखवला जातो. मोटार फुकट उभी राहते त्याचा तोटा कुठल्या वहीत लिहितात? आम्ही बी. कॉम. झालो, पण हा जमाखर्च आम्हाला कुणी शिकवला नाही.

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात हे सारे लिहिलेले आहे. गाडी उभी करण्याचे शुल्क जागेच्या किमतीला शोभेल इतके घ्यावे आणि जागा देताना सार्वजनिक वाहने व सायकली यांना आधी विचारात घ्यावे. आमच्या स्टेशनबाहेर मात्र सायकल लावायची तर खांब शोधावा लागतो. हल्ली विजेच्या मोटारींचे फार कौतुक चालते. त्या धूर सोडत नाहीत हे चांगलेच, पण उभ्या राहिल्या की त्यांनाही १४८ फूट लागतात. बसला तेवढ्याच दोन-अडीच जागा पुरतात आणि तिच्यात पन्नास-साठ माणसे जातात.

बैठकीत शेवटी अर्ज लिहिला. थांब्यापुढची जागा मोकळी ठेवून तिथे खुणा माराव्यात आणि वाहनतळाच्या उत्पन्नातून बससाठी पैसे द्यावेत. त्या पार्सलवाल्या मुलाने तिसरी मागणी घातली: पोटासाठी दुचाकी चालवणाऱ्याला थोडा वेळ थांबायला ठरलेली जागा हवी. ती आम्हाला सुचली नव्हती. आईने सर्वांच्या आधी सही केली. वॉर्ड ऑफिसात अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहोत. आई म्हणते, मीही येते, बसनेच जाऊ.