घसा बसलेली आगगाडी

विहिरीवरची मोटार बंद पडली की आमच्या घरी पहिला प्रश्न ठरलेला असे, "फ्यूज पाहिला का?" हा प्रश्न आमच्या यजमानांचा. एकदा तो विचारायचा राहिला. घाईने मोटार वर काढली, खोलली, आणि ती परत बसेपर्यंत ऊस चार दिवस तहानलेला राहिला. खोट निघाली फ्यूजच्या तारेत! तेव्हापासून त्यांनी नियमच केला, आधी सोपे पाहायचे, मग अवघड. ते आता नाहीत. पण त्यांचा हा नियम मला सातासमुद्रापलीकडे उपयोगी पडला.

मागे मी मुलाकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला काही महिने राहिले होते. मुलगा-सून दिवसभर कामावर. बारा वर्षांचा नातू घरी असे. पण त्याचे मराठी तोडके आणि मला इंग्रजीचा गंध नाही. जेवायला ये, एवढेच आमचे बोलणे.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहतात. त्यांच्या तळघरात मोठ्या फळीवर खेळण्यातली आगगाडी मांडलेली आहे. तिकडे हा मोठ्या माणसांचा छंद आहे. लायोनेल नावाच्या जुन्या कंपनीचा कारखाना पूर्वी याच न्यू जर्सीत होता. १९३५ साली तिने गाडीत शिट्टी आणली. डब्यात इवलीशी मोटार पंखा फिरवी आणि त्या वाऱ्यावर शिट्टी वाजे. पुढे १९९०च्या सुमारास इंजिनांच्या पोटात इलेक्ट्रॉनिक पट्टी आणि छोटा स्पीकर आला. त्यातून घंटा, शिट्टी, वाफेचे फुसफुसणे खऱ्यासारखे ऐकू येते.

आजोबांचे इंजिन अशाच दुसऱ्या एका कंपनीचे, १९९६ साली पत्नीने नाताळात दिलेले. पत्नी वारली, आणि इंजिनाचाही घसा बसला. आवाज तुटत तुटत येई. दुकानदार म्हणाला, आतली पट्टी जळली, भंगारात द्या. आजोबांनी ते खोक्यात भरूनही ठेवले होते.

मी नातवाला म्हटले, "बाळा, त्यांना विचार, फ्यूज पाहिला का?" तो हसला, पण त्याने विचारले.

मग आम्ही तिघे क्रमाने बसलो. गाडी धावते, म्हणजे वीज पोचते. रुळांवरून बोट फिरवले तर काळे झाले. या गाडीला वीज रुळांतूनच मिळते. मळ आला की ती तुटते आणि आवाजही तुटतो. स्पिरिटच्या फडक्याने रूळ आणि चाके पुसली. काथ्या मात्र लोखंडी घ्यायचा नाही, त्याचे तुकडे मोटारीच्या चुंबकाला चिकटतात. आवाज सलग झाला. पण दिशा बदलायला क्षणभर वीज तोडली की तो एकदम मरे. वीज तुटताना आवाज टिकावा म्हणून आत एक छोटी चार्जिंगची बॅटरी असते, असे नातवाने माहितीपुस्तकात वाचून सांगितले. म्हणजे पट्टी जिवंत, बॅटरी मेलेली!

गाडीची वीज काढून इंजिन उघडले. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी. मी लगेच म्हटले, "खाण्याच्या सोड्याने धू." आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला आम्ही तसेच करतो. नातू वाचत होता. म्हणाला, "आजी, नाही. ट्रॅक्टरमध्ये ॲसिड. हे उलटे आहे, याला व्हिनेगर." मी गप्प बसले. शोधायची वाट माझी खरी होती, पण औषध त्याचे खरे. व्हिनेगरात बुडवलेल्या कापसाने त्याने टोके हलकेच पुसली, कोरडी केली.

तशीच ८.४ व्होल्टची नवी बॅटरी आणली. तिथे साधी बॅटरी चालत नाही, चार्ज होऊ लागली की ती फुटू शकते. जुनीत कॅडमियमचे विष असते, म्हणून ती कचऱ्यात न टाकता बॅटऱ्या गोळा करतात तिथे दिली. नवी भरायला सकाळपासून रात्रीपर्यंत इंजिन रुळावर वीज देऊन नुसते उभे ठेवले.

रात्री आजोबांनी गाडी सोडली. शिट्टी झाली, घंटा झाली. मग त्यांनी वीज तोडली. गाडी थांबली, तरी इंजिन थोडा वेळ श्वास घेतच राहिले. आजोबा काही बोलले नाहीत. खोके मात्र त्यांनी स्वतःच मोडून ठेवले.

भगिनींनो, पेटीत ठेवायची बॅटरी असो, रेडिओ असो, आतले सेल आधी काढून ठेवा. आणि वस्तू बिघडली तर 'गेली' म्हणण्याआधी दहा मिनिटे तिच्याजवळ बसा.

परवा नातवाचा फोन आला. मी म्हटले, "इकडे टीव्ही लागत नाही रे." पलीकडून ऐकू आले, "आजी, फ्यूज पाहिला का?"