साडेसात इंच फळी

स्केटबोर्ड घ्यायचा विचार असेल, तर ॲप उघडण्याआधी खाली जा आणि जमीन बघा. मी गंमत करत नाहीये. नगरमध्ये (कागदोपत्री आता अहिल्यानगर, रिक्षावाल्याच्या तोंडी अजून नगरच) फ्रीस्टाइल शिकायचं तर पहिला शत्रू पेव्हर ब्लॉक. दिसायला सपाट, पण चाकांना प्रत्येक ब्लॉकची सांध लागते आणि दातांपर्यंत कंप जातो. शहाबादी फरशीचं तेच. डांबरावर खडी सुटलेली असते. गळीत हंगामात त्यात ट्रॅक्टरमधून पडलेली उसाची कांडकी येतात. कांडकं चाकाखाली आलं की बोर्ड जागच्या जागी थांबतो, तुम्ही मात्र पुढे जाता.

सावेडीत, भिस्तबागेच्या बाजूला आमच्या अपार्टमेंटचं पार्किंग आहे. ट्रिमिक्स काँक्रीट, पॉलिश मारल्यासारखं गुळगुळीत. दोन गाड्यांची जागा कायम मोकळी असते. पहाटे साडेपाच ते सहा वीस हा आमचा वेळ. त्यानंतर सेक्रेटरी काका फिरायला उतरतात आणि ‘आवाज’ या विषयावर बोलतात.

फ्रीस्टाइलला एवढी जागा पुरते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रील बघून वाटतं की रँप पाहिजे, जिने पाहिजेत, रेलिंग पाहिजे. फ्रीस्टाइल म्हणजे सपाट जमिनीवर, जवळजवळ एका जागी, पायांनी बोर्ड फिरवणं, उलटवणं, टोकावर उभा करणं. यातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे रॉडनी मलन. अमेरिकेत फ्लोरिडात वाढला. वडील दातांचे डॉक्टर आणि या खेळाच्या पक्के विरोधात. १ जानेवारी १९७७ला, दहा वर्षांचा असताना, त्याला बोर्ड मिळाला तो अटीवर: पॅड घालायचे, आणि पहिल्यांदा नीट लागलं की खेळ बंद. त्यामुळे घराच्या गॅरेजमध्ये, एकट्यानं, सपाट जमिनीवर तो शिकत राहिला. हाताचा आधार न घेता बोर्ड हवेत नेण्याची युक्ती, जिला ऑली म्हणतात, ती ॲलन गेलफंडनं सत्तरच्या दशकाच्या शेवटी काढली होती, पण गोलाकार भिंतीवर. मलननं ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सपाट जमिनीवर आणली. आज जगात कुणीही फुटपाथवर बोर्डासकट उडी मारतं, ती तिथून आलेली आहे.

मी हे पुण्यात कॉलेजला असताना शिकले आणि परत आल्यावर माझा बोर्ड पलंगाखाली गेला. तो बाहेर काढला माझ्या मामेबहिणीनं.

मामा-मामी पाथर्डी तालुक्यातले, ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत. पाचवीपासून ती हंगामात आमच्याकडे असते, शाळा बुडू नये म्हणून. आता सातवीत आहे. पाच वर्षांपूर्वीचं म्हणजे २०२१चं टोकियो ऑलिंपिक तिनं यूट्यूबवर पाहिलं, त्यात जपानच्या मोमिजी निशियानं वयाच्या तेराव्या वर्षी सुवर्णपदक घेतलंय हे तिला कळलं. बोटं मोजून म्हणाली, “म्हणजे माझ्याकडं एक वर्ष आहे.”

गेल्या दिवाळीत मामानं तिच्यासाठी बाजारातून नऊशे रुपयांचा बोर्ड आणला होता. कार्टूनचं चित्र, गुलाबी चाकं. दोन महिने ती त्यावर झगडली. एके दिवशी पार्किंगच्या कठड्यावर बसून म्हणाली, “ताई, मला नाही जमणार. माझे पाय वाकडे आहेत.” पाय अजिबात वाकडे नाहीत. बोर्ड वाकडा होता. खालचा ट्रक, म्हणजे चाकं धरणारा आडवा भाग, प्लॅस्टिकचा. त्यावर कितीही वजन टाका, तो वळायचाच नाही. चाकं हातानं फिरवली तर दोन फेऱ्यांत थांबत. फळी जाड, सपाट आणि जड. मी तिला माझा बोर्ड दिला. सव्वाआठ इंच रुंद, तिला मोठाच. पण तिसऱ्या मिनिटाला ती पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली आणि वळून परत आली.

‘शिकायला काय, स्वस्तातला घ्या, जमलं तर चांगला घेऊ’ हा सल्ला म्हणून मला पटत नाही. ज्याला येतं तो वाईट बोर्डावरही चार गोष्टी करून दाखवेल, कारण दोष कुणाचा हे त्याला कळतं. शिकणाऱ्याला ते कळत नाही. ती दोष स्वतःच्या पायांना देते. आणि बारा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या अंगाबद्दल असं काही वाटायला लागलं की ते फक्त बोर्डापुरतं राहत नाही.

तर बोर्ड निवडायचा होता. आमच्याकडे होते साडेपाच हजार आणि आप्पा.

आप्पा म्हणजे माझे वडील. सुतार. आता बरंचसं काम मॉड्युलर किचनचं, त्यामुळे प्लायवूड त्यांना डोळे मिटून कळतं. माझा जुना बोर्ड त्यांनी उचलला, चष्मा कपाळावर नेला आणि कडेनं थर मोजले. “सात. आणि मधे दोन आडवे.” बरोबर होतं. चांगली फळी मेपल लाकडाच्या सात पातळ थरांची असते. बहुतेक थर लांबीत, एकदोन आडवे, म्हणजे चीर गेली तरी सरळ शेवटापर्यंत धावत नाही. मग त्यांनी तो गुलाबी बोर्ड घेतला. बोटाच्या पेरानं ठोकला. एका जागी पोकळ आवाज आला. “हे तर आम्ही कपाटाच्या पाठीलासुद्धा लावत नाही.”

सागवानात मी करून देतो, असंही त्यांचं म्हणणं पडलं. एक संध्याकाळ या चर्चेत गेली. अखंड सागाची फळी जड होणार आणि शेपटीला, जिथे पाय आपटून बोर्ड उडवायचा, तिथे रेषेत चिरणार हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. राहिला खोलगटपणा. फळी दोन्ही कडांना किंचित वर उचललेली असते, त्यामुळे खाली न बघता पायाला कड कळते. त्यासाठी थर साच्यात दाबावे लागतात. “प्रेस नाही आपल्याकडं,” आप्पा म्हणाले, जरा नाराजीनंच, आणि विषय संपला.

रुंदी. यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण शिकताना बूट हीच पट्टी धरावी. पाऊल आडवं ठेवल्यावर फळीची रुंदी जवळजवळ झाकली गेली पाहिजे. रुंद फळी स्थिर, पण उलटवायला जड. अरुंद फळी झटकन फिरते, पण उतरताना पाय ठेवायला जागा कमी. फ्रीस्टाइलवाले अरुंदच वापरतात. हिचा बूट लहान, म्हणून साडेसात इंच ठरली. ट्रकचा दांडाही तेवढ्याच रुंदीचा हवा. चाकं फळीच्या फार बाहेर आली तर पाय अडतो, फार आत गेली तर बोर्ड डुगडुगतो.

(गुलमर्गच्या बर्फावरचे रील बघून स्नोबोर्डची स्वप्नं पडत असतील त्यांच्यासाठी: तिथेही फ्रीस्टाइल शिकणाऱ्याला दोन्ही टोकं सारखी असलेला, मऊ वाकणारा, थोडा आखूड बोर्ड देतात. कारण तेच. चूक झाली तरी बोर्डानं सांभाळून घ्यावं. आपल्याकडे बर्फ गोळेवाल्याकडेच मिळतो, म्हणून पुढे जाऊ.)

चाकांवरून आमच्या दोघींत खरं भांडण झालं. चाकाचा कडकपणा आकड्यात सांगतात, ‘ए’ लावून. ७८ ए म्हणजे मऊ, खडीवरून सुखानं जाणारं. ९९ ए किंवा १०१ ए म्हणजे दगडासारखं. गुळगुळीत जमिनीवर ते छान घसरतं, फिरतं, बोर्ड टचकन उडतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीनं पॉलियुरेथेनची चाकं आणली, त्याआधी लोक धातूच्या आणि भाजलेल्या मातीच्या चाकांवर चालवायचे आणि एका खड्यावर तोंडावर पडायचे. माझं म्हणणं, मऊ घेऊ, शाळेतही नेता येईल. तिचं म्हणणं, “मला कुठं जायचं नाहीये. मला उडवायचंय.” हे उत्तर इतकं फ्रीस्टाइल होतं की मला पुढे बोलता येईना. शेवटी ९५ ए. पार्किंगमध्ये चालेल, गेटबाहेरच्या डांबरावर सहन होईल.

बेअरिंगवर पैसे घालवू नका, हा माझा एक आगाऊ सल्ला. स्केटबोर्डमध्ये ६०८ मापाचं बेअरिंग बसतं: बाहेरून २२ मिलिमीटर, आतून ८, जाडी ७. हे औद्योगिक माप आहे, छोट्या मोटारींत असतं, मध्यंतरी सगळी पोरं बोटांवर स्पिनर फिरवत होती त्यातही होतं. बेअरिंगच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतं. आप्पांनी येता येता आठ घेऊन आणली.

तोवर निघायच्या आधी मामी भेटायला आली. येताना तिच्या मनात प्रश्न होते, आणि ते असणारच. पोरीच्या वर्गातल्या दोघी मागच्या हंगामानंतर शाळेत परतल्या नव्हत्या. एकीचं लग्न झालं होतं. त्यामुळे मामीच्या “यानं पुढं काय व्हतं?” या प्रश्नाला मी घाईघाईनं बरंच काही सांगितलं. २०२२ला गुजरातमध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यात स्केटबोर्डिंग होतं आणि महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडनं सुवर्णपदक घेतलं. मध्य प्रदेशात पन्नाजवळ जनवार नावाच्या गावात स्केटपार्क आहे आणि तिथला नियमच आहे, शाळा नाही तर स्केटबोर्डिंग नाही. मामीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पडती किती येळा?”

“रोज वीस-पंचवीस.”

“मंग आधी गुडघ्याचं घे. डोक्याचं घे. हिचं काय मोडलं तर मला फडावरून यायला दोन दिस लागत्यात.”

हेल्मेट आणि पॅड धरले की साडेपाच हजारांतले दोन हजार गेले. मी बोर्ड एक पायरी खाली आणायच्या विचारात होते. मामीनं पदराची गाठ सोडून हजार रुपये ठेवले. मुकादमाकडून घेतलेली उचल होती ती. म्हणजे अजून न तोडलेल्या उसाचे पैसे. मी नको म्हटलं. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गप्प बसले.

मग तिनं माझा बोर्ड मागितला. मला वाटलं हातात घेऊन बघेल. तिनं चपला काढल्या, आप्पांच्या खुर्चीची पाठ धरली आणि दोन्ही पाय फळीवर ठेवून उभी राहिली. बोर्ड हलला, तिच्या टाचा हलल्या, कंबरेवरचं अंग मात्र जागचं हललं नाही. दोन दिवसांनी मी खुर्ची सोडते तेव्हा माझे हात अजून पंख्यासारखे फिरतात.

“आम्ही फळीवरच असतो की गं,” ती म्हणाली.

ट्रक भरताना मागे एक लाकडी फळी लावतात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन त्या अरुंद फळीवरून वर चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, परत चढायचं. पुष्कळदा रात्री. मामी हे वीसेक वर्षं करतेय आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं. आता ती बोर्डावर उभी राहून सांगत होती. “लई टणक फळी असली ना, तर पाय बोलत न्हाई. जराशी लवली पाह्यजे. पर लवती का मोडाया आली, ते पायाला कळलं पाह्यजे.” दव पडून फळी ओली झाली की त्यावर माती टाकतात, पाय सरकू नये म्हणून. आम्ही वरून सँडपेपरसारखी ग्रिप टेप चिकटवतो. मामीनं त्यावरून अंगठा फिरवला. “ही बरी हाय.”

बोर्डाच्या लवचिकतेवर मी इंटरनेटवर जेवढं वाचलंय, त्यात याहून कामाचं काही मला सापडलेलं नाही. पोरगी दारात उभी राहून आईकडे बघत होती. माझ्याकडे तिनं असं कधी पाहिलेलं नाही, आणि मी तर किकफ्लिप मारते.

मामा-मामी गेले. त्यानंतर आठवड्यानं फळी आली. ट्रक आणि चाकं आधीच आली होती. आप्पांनी जोडणी स्वतः केली, नट किती आवळायचे यावर मला बोलू दिलं नाही. ट्रकमधले रबरासारखे बुश तिच्या वजनाला कडक वाटले, म्हणून मधला नट थोडा सैल केला. ग्रिप टेपवर पांढऱ्या पेननं नाव लिहायचं तिचं ठरलंय, पण ते घासून जाईल म्हणून ती दोन प्रकारच्या पेनांची कोपऱ्यात चाचणी घेतेय.

रात्री नऊला मामीचा व्हिडिओ कॉल आला. नेटवर्क अर्धवट, चेहरा चौकटी-चौकटींचा. मागे ट्रक भरणं चालू होतं.

“लवती का गं?”

तिनं फोन माझ्या हातात दिला, घराच्या फरशीवर बोर्ड ठेवला, मधोमध उभी राहिली आणि गुडघ्यात दोनदा दाब दिला. मी कॅमेरा खाली, फळीच्या पोटाजवळ नेला.

“जराशी,” ती म्हणाली.

तिकडून कुणीतरी मामीला हाक मारली आणि फोन कट झाला.