शिवणीतली माया

मंडळी, बेलबॉटम परत आलीय बरं का! पुरुषांच्या उन्हाळी 'रेट्रो कलेक्शन'मध्ये रुंद पायांच्या पँटा, लांब टोकांच्या कॉलरी, भडक फुलांचे शर्ट... सगळं आमच्या तरुणपणीचं. दुकानदार त्याला जुनं म्हणत नाहीत, आणि किंमतही नवीच लावतात!

१९७३ साली 'बॉबी' आला त्या सुमाराला शिंप्याचा एकच प्रश्न असे, "बॉटम किती ठेवू?" बावीस इंच, चोवीस इंच... घेर जमिनीला घासून विरू नये म्हणून खाली पितळी चेन शिवून घ्यायची. वडील म्हणत, "रस्ता झाडायची सोय झाली!" १९७५ च्या 'दीवार'मध्ये बच्चनने शर्टाला गाठ मारली. शर्ट लांब शिवला गेला होता म्हणून, असं त्यानेच पुढे सांगितलं. पोरांनी मात्र ती फॅशन म्हणून उचलली.

हे सगळं बाहेरून दिसणारं. आत असायची ती माया, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड. शब्द बघा कसा आहे!

माझा थोरला भाऊ मुंबईत गिरणीत होता. १९७४ ला लग्नात त्याने टेरिकॉटची बेलबॉटम शिवली. दोन वर्षांनी ती माझ्याकडे आली. मी अंगाने त्याच्याहून आडवा. शिंप्याने माया उसवली, कंबर दीड इंच वाढवली, आणि त्याच पँटवर मी मास्तर म्हणून पहिल्यांदा वर्गात उभा राहिलो.

परवा नातवाची नवी रेट्रो पँट सवयीने उलटी करून पाहिली. शिवण जेमतेम, वर ओव्हरलॉक. सोडायला काही नाहीच. घट्ट झाली की टाकायची, आणि धाकट्याला नवी घ्यायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दादाची गिरणी पुन्हा उभी राहिली नाही. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी तर आज मॉल आहे. संपानंतर दादाने स्वतःसाठी पँट शिवलेली मला आठवत नाही. मी दिवाळीला पँटपीस द्यायचो, तो मुलाच्या मापाने शिवून घ्यायचा. शिंप्याला बजावायचा, "माया जरा जास्त ठेवा, पोरगं वाढतंय."

तुमच्याकडे थोरल्याची धाकट्याकडे आलेली पँट होती का हो? बॉटम किती होतं तेही कळवा...