पोकळीचे व्याकरण

व्याकरण शिकविण्यात माझी वीस वर्षे गेली. पण रिकाम्या जागेचेही व्याकरण असते, हे आमच्या कन्येने दाखविले. बिचारीचा पायथॉनमधला प्रकल्प उद्यावर आलेला, आणि मैत्रिणीने जोडलेल्या ओळींपाशी संगणक अडून बसलेला! हिने ओळी स्पेसने आत सरकवलेल्या, तिने टॅबने. डोळ्यांना दोन्ही पोकळ्या सारख्याच. परंतु कोणती ओळ कोणत्या अटीखाली, हे या भाषेत पोकळीच ठरविते. आणि २००८ सालच्या पायथॉन ३ पासून अशी संदिग्ध सरमिसळ मुळी चालतच नाही. चार स्पेस द्याव्यात, हा तिथला शिष्टसंकेत. कन्येने एडिटरात (संपादकाची ही नवी जात!) टॅबची कळ दाबताच चार स्पेस पडतील अशी सोय केली, जुन्या ओळी बदलल्या. रात्री अकराला प्रकल्प चालला. मी मात्र हल्ली पेपर तपासताना परिच्छेदाआधीची जागा बोटाने मोजतो.