गड्ड्याआधीचं निघणं

मस्कतमधल्या आमच्या शाळेची सुट्टी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते आणि सोलापुरात गड्डा भरतो संक्रांतीला. त्यामुळे गेली ११ वर्षं सिद्धेश्वराची यात्रा काही माझ्या नशिबात नाही. ७ नंदीध्वज ६८ लिंगांना तैलाभिषेकाला निघतात, तेव्हा मी तिकडे वर्गात हजेरी घेत असते.

यंदा निघाले, तर मुंबईची रात्रीची गाडी साडेतीन तास लेट! बाबांना म्हटलं, "थंडी आहे, तुम्ही जा घरी." ते चादर गुंडाळून बाकावर बसले. "घरी तरी कुठं झोप येणारे?" कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा तिथंच उघडला.

एरवी फोनवर "बरंय ना?" एवढंच बोलणारे बाबा त्या रात्री गिरणीबद्दल बोलले. गिरणी बंद पडल्यावर चार महिने रोज डबा घेऊन बाहेर पडायचे म्हणे... आम्हा पोरांना कळू नये म्हणून. मला खरंच कधी कळलं नव्हतं.

पुढे मुंबईत विमान चुकलं, दुसरं मिळालं तेही उशिरा सुटलं. शाळेत एक दिवस उशिरा पोचले, पगार कापला गेला. कारण लिहिलं, 'गाडी लेट'.

भोगीला बाबांनी व्हिडिओ कॉलवर नंदीध्वज दाखवले. "बरंय ना?" म्हणाले. "बरंय," म्हटलं. गिरणीचा विषय मीही काढला नाही.